ओळ सांगणारी

लातूरच्या चर्चमध्ये दर रविवारी साडेनऊ वाजता समुद्र येतो. वेदीच्या बाजूला पांढरा पडदा लावलाय, त्यावर तो येतो. निळ्याशार लाटा, मावळता सूर्य आणि त्या लाटांवर पांढऱ्या अक्षरांत गाण्याचे शब्द. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही आणि टँकरवाल्याचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतो, तिथली मंडळी हात वर करून, मला सागरात बुडव म्हणून देवाला विनवत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्या खेपेपासून मी मोजायला लागले. एक ओळ एकवीस वेळा. ओळही चारच शब्दांची. त्यातले दोन हिंदी, एक इंग्रजी आणि एक 'येशू'.

मी नांदेडला राहते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेय, त्यामुळे लोकांच्या चुका काढणं हा माझा श्वास घेण्याइतका जुना धंदा आहे. नांदेडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हा आजार लातूरच्या आधी शिरला. पेटी गेली, कीबोर्ड आला. तबला गेला आणि ड्रम आले, तेही काचेच्या खोक्यात बंद करून, कारण आवाज सहन होत नाही. जो आवाज सहन होत नाही तो आणायचा आणि मग त्याला कोंडून ठेवायचं, ही अक्कल कमिटीतल्या सात माणसांना एका बैठकीत सुचली. नांदेडला आमच्या भागात पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येतं. पेटी आणि तबला. त्यांना कुणी जाऊन सांगितलं नाही, की तरुण पोरं टिकवायची असतील तर गिटार आणा. आम्हालाच ते कुणीतरी सांगितलं आणि आम्हीच ते ऐकलं.

लातूरला मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची ते आत्यासाठी. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आता ब्याऐंशीची असेल. तिचं सगळं आयुष्य रेणापूरजवळच्या आमच्या खेड्यात गेलं. नवरा वारल्यावर मुलानं तिला लातूरला आणलं. आत्याला अक्षर येत नाही. पण त्या खेड्यातल्या पत्र्याच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, पन्नास वर्षं ती ओळ सांगायची.

ओळ सांगणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमच्याकडे कुणाला वाचता येत नसे, पुस्तकं दोन, तीही फाटकी. म्हणून एक जण पेटीजवळ बसायचा आणि प्रत्येक ओळ गायच्या आधी ती भराभरा, सपाट आवाजात सांगायचा. मंडळी लगेच तीच ओळ चालीवर उचलायची. ती संपते न संपते तोवर पुढची ओळ आलेली असायची. आत्याचं सांगणं इतकं चपखल, की ढोलकीचा एक ठेका चुकत नसे. ती घरोघरी बायबल सांगत फिरणाऱ्या एका बायबलबाईकडून लहानपणी ऐकून ऐकून शिकली होती. दोनेकशे गीतं, सगळ्या कडव्यांसकट. मधेच तिला कुणाला रागवायचं असलं तरी आवाज तोच. एकदा ती म्हणाली, "दाराजवळच्या बायांनो, लेकरं भाईर न्या." आणि अख्ख्या मंडळीनं ते चालीवर, दोनदा म्हटलं. आमचे पाद्री, पाळकसाहेब, त्यांनीही म्हटलं. आत्यानं मान न हलवता पुढची ओळ सांगितली.

तिचं खास गीत एक होतं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. आमच्याच भागातल्या कुणा जुन्या उपदेशकानं रचलेलं, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर. सुगीच्या भक्तीला, म्हणजे मंडळी शेतातलं पहिलं पीक देवासमोर आणून ठेवतात त्या रविवारी, ते म्हणायचो आम्ही. नऊ कडवी. पहिलं नांगरणीचं, मग पेरणी, खुरपणी, राखण, असं करत करत नवव्यात धान्य घरात येतं. त्याचं पहिलं कडवं असं:

नांगर धरिला प्रभूनं, माझ्या मनाच्या रानात,
तण उपटिलं जुनं, ढेकळं फोडिली उन्हात.

आता ह्याच्याशेजारी तो एकवीस वेळांचा समुद्र ठेवून बघा. मी ठेवत असे. येईल जाईल त्याला ऐकवत असे.

लातूरला आल्यावरही आत्या चर्चमध्ये ओळ सांगायची. तिथल्या जुन्या मंडळीत खेड्यांतून आलेली निम्मी माणसं, त्यांना त्याशिवाय गाता येत नसे. मग दोन वर्षांपूर्वी नवीन पाळक आला. वय तीसच्या आतबाहेर. स्वतःला पास्टर म्हणवून घेतो, आम्ही जुन्या रीतीनं 'सलाम' म्हटलं की 'प्रेज द लॉर्ड' म्हणतो. त्याच्यामागोमाग गिटारवाला एक मुलगा आला. गुडघ्यावर फाटलेली विजार घालून वेदीसमोर उभा राहणारा, आणि डोळे मिटून, कानाला लावलेल्या माइकमध्ये मंडळीला विचारणारा, की तुम्ही तयार आहात का. कशाला तयार, ते कुणी सांगत नाही. मग पडदा लागला. आणि एका महिन्यात माझी आत्या पेटीजवळच्या स्टुलावरून मागच्या बाकावर गेली, आणि सहा महिन्यांत मागच्या बाकावरून घरी.

हे मला तिच्या मुलानं, माझ्या आतेभावानं, फोनवर सांगितलं. आई हल्ली रविवारच्या भक्तीला जात नाही म्हणाला, अंगात ताकद नाही म्हणते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंगात ताकद नाही म्हणे. पडद्यानं माझ्या आत्याची जागा खाल्ली होती, आणि आत्या इतकी भिडस्त, की ती तसं म्हणणार नव्हती. ते मी म्हणायचं ठरवलं.

मी लातूरला गेले आणि पाळकाला गाठलं. चर्चच्या ऑफिसात त्याच्यासमोर बसून मी पाऊण तास बोलले. शाळेत सातवीच्या वर्गाशी बोलायची तसं. म्हटलं, तुम्हाला ह्या मातीतलं काही येतं का? पन्नास वर्षं जी बाई देवळाचा आवाज होती, तिला तुम्ही एका चादरीएवढ्या पडद्यासाठी उठवलंत. म्हटलं, तुमच्या त्या पोरांची गाणी म्हणजे उद्या मोबाइलची बॅटरी संपली की संपणारा विश्वास. तो ऐकत होता. मधे एकदाच त्यानं तोंड उघडलं. "मॅडम, तुम्ही आत्यांना विचारलंय का?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. ह्यांच्याकडे उत्तर नसलं की हे उलटा प्रश्न विचारतात, ते मला शाळेपासून माहीत आहे. मला वाटलं, तो हरला.

त्यानंतर मी जे केलं त्याला माझे सोबती चळवळ म्हणायचे आणि माझा आतेभाऊ उद्योग म्हणायचा. मंडळीतली सात-आठ जुनी माणसं मी गोळा केली. सगळी आमच्याच खेड्याकडची, सगळ्यांचे केस पांढरे, सगळ्यांना नवीन गाण्यांचा तिटकारा. आम्ही एकमेकांच्या घरी बसून चहा प्यायचो आणि गिटारवाल्याच्या विजारीवर बोलायचो. त्यांच्यातले एक निवृत्त कंडक्टर होते, पांढरी टोपीवाले. ते म्हणायचे, आपल्याला पडदा लागत नाही, आपल्या काळजावर लिहिलंय. आम्ही सगळे माना डोलवायचो. काळजावर लिहिलेलं कुणी वाचून दाखवलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

शेवटी लातूरच्या चर्चच्या कमिटीनं आमच्यापुढे हात टेकले. जानेवारीतली सुगीची भक्ती जुन्या पद्धतीनं करायची, असं ठरलं. ड्रम नाही, गिटार नाही. पडदा तर नाहीच. तो गुंडाळून वर बांधायचा, असं मी लिहून घेतलं. गाणी आत्या सांगणार. आणि तिचं ते नऊ कडव्यांचं गीत सगळ्यात आधी.

ही बातमी मी स्वतः आत्याला सांगितली. ती दारात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला वाटलं होतं, ती हरखेल. ती म्हणाली, "कशाला गं. चाललंय ते बरं हाय की." मी म्हटलं, आत्या, तू लई सोसलंस, आता नाही. ती शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे तिनं टरफलांच्या ढिगात टाकले आणि टरफलं वाटीत. मी ते पाहिलं, हसले, आणि निवडून दिले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, कशानं आलीस, एसटीनं का रेल्वेनं? ते तिनं तासाभरापूर्वीच विचारलं होतं. मी तिची थट्टा केली, तुझं लक्ष कुठाय म्हणून. इतकी हुशार मी.

सुगीच्या भक्तीला मी नांदेडहून अर्धापूरच्या केळीचा एक अख्खा घड घेऊन गेले. एसटीत तीन तास तो मांडीवर धरला, कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायला लावलं. वेदीसमोर ज्वारीची कणसांसकट ताटं, भोपळे, तुरीची पोती, हरभऱ्याचे ढाळे, सगळं मांडलेलं. पडदा वर गुंडाळून सुतळीनं बांधलेला. पेटी कुठल्याशा माळ्यावरून काढली होती, तिचे दोन सूर बसत नव्हते, पण पेटी होती. गिटारवाला पोरगा तिसऱ्या बाकावर नुसता बसला होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. कोपऱ्यात लॅपटॉपवाली मुलगी सवयीनं आपल्या टेबलाशीच बसलेली. तिला मी मुद्दाम जाऊन सांगितलं, की आज तुझं काही काम नाही. ती हो म्हणाली. टेबल काही सोडलं नाही तिनं.

आत्याला आम्ही नवीन पातळ नेसवून आणलं होतं. ती स्टुलावर बसली. पेटी लागली, ढोलकी लागली, आणि तिनं ओळ सांगितली. तोच सपाट, भराभर आवाज. नांगर धरिला प्रभूनं. मंडळीनं ती अशी उचलली, की माझ्या अंगावर काटा आला. मागची खेड्यांवरून आलेली माणसं, समोर आम्ही सात-आठ, सगळे घसा फाडून गायलो. मी वळून पाळकाकडे पाहिलं. अगदी मुद्दाम पाहिलं. तो आत्याकडे बघत होता.

दुसऱ्या कडव्याची ओळ आली नाही.

पेटीवाल्यानं चाल एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. आत्याचं तोंड उघडं होतं. तिचा हात पदराशी गेला, पदर चाचपून परत मांडीवर आला. मला वाटलं, श्वास घेतेय. मग मी तिचे डोळे पाहिले. तिथं काही नव्हतं. ती समोरच्या ज्वारीच्या ताटांकडे बघत होती, जणू त्यांतलं कुणी सांगेल.

मी सांगायला पुढे झाले. मी, बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली, हे गीत लहानपणापासून साठ वेळा तरी गायलेली. तोंड उघडलं आणि कळलं, की मला येत नाही. चाल येत होती. पेरणीचं कडवं आहे, एवढं माहीत होतं. पण ओळ आजवर कायम मला कुणीतरी सांगितली होती. मी ती फक्त परत म्हटली होती. टोपीवाल्या कंडक्टरांनी मधेच एक ओळ ओरडून दिली, ती मळणीची निघाली. दुसऱ्या कुणी खुरपणीची दिली. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पन्नास-साठ पांढरी डोकी, पन्नास वर्षं गायलेलं गीत, आणि पेरणी एकालाही येईना. काळजावर लिहिलेलं म्हणे. आमच्या काळजावर काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात होतं, आणि ते तिथून निघून चाललं होतं.

तेवढ्यात मी कोपऱ्यात पाहिलं. लॅपटॉपवाली मुलगी उभी राहिली होती. एक हात कळफलकावर, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वरच्या सुतळीकडे. ती मला विचारत होती. तिच्याकडे ते कडवं होतं, हे तिच्या तोंडावरून स्वच्छ दिसत होतं. गीत पुस्तकात नाही, मग तिच्याकडे कुठून आलं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला एवढंच दिसलं, की आता पडदा खाली आला तर मी हरले. गिटारवाल्यासमोर, पाळकासमोर, लातूरच्या सगळ्या मंडळीसमोर.

मी मान हलवली. नाही म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, गोंधळात पडदा सोडायचं सुचलं नसेल. मला सुचलं होतं. मी तिच्याकडे बघून नाही म्हटलं, आणि ती मुलगी खाली बसली.

मग आत्याच म्हणाली, "पैलंच म्हणा परत." आवाज बारीक होता, पण सपाट होता. मंडळीनं नांगरणी परत म्हटली. ती संपली. आत्या म्हणाली, "परत." पुन्हा नांगर धरिला प्रभूनं. पुन्हा ढेकळं फोडली. पुन्हा. वेदीसमोर ज्वारी, तूर, हरभरा, माझा केळीचा घड, सगळं पीक येऊन पडलेलं आणि आम्ही अजून नांगरतोय. किती वेळा झालं ते मला माहीत नाही. एरवी मी मोजते. त्या दिवशी मोजलं नाही. शेवटी पाळक उठला, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच उभा राहिला आणि त्यानं प्रार्थना सुरू केली, तेव्हा ते थांबलं.

परत येताना रिक्षात मी आणि आत्या दोघीच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, असू दे आत्या, होतं असं, पेटीवाल्यानंच चाल चुकवली. आत्या बाहेर बघत होती. "पेटी बराबर व्हती," ती म्हणाली. मग रिक्षा रेल्वे फाटकाशी थांबल्यावर ती बोलली.

"पडदा म्याच लावाय सांगितलं व्हतं गं पाद्रीसायबाला. मला आठवंना झालंय, कवाधरनं. म्हणलं, पडद्यावर आल्यावर कुणाला कळायचं न्हाई. म्हातारी दमली म्हणतील, गप बसतील. त्यानी कुणाला सांगितलं न्हाई. त्या पोरीला घरी धाडून जेवढं आठवतंय तेवढं लिवून घेतलं."

फाटक उघडलं, रिक्षा हलली. मला त्या ऑफिसातला पाऊण तास आठवला. मी एकेक शब्द कसा तोलून, धार लावून टाकला होता, आणि समोर तो तीस वर्षांचा मुलगा तिची लाज झाकून बसला होता. त्याला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. त्यानं केलं नाही. मी त्याची माफी मागितली का? मागितली नाही. नंतर दोनदा समोर आला, मी सलाम म्हटलं, त्यानं प्रेज द लॉर्ड म्हटलं. त्याची गाणी मला आजही आवडत नाहीत. त्या समुद्रासारखा मूर्खपणा मी दुसरा पाहिला नाही. पण हल्ली त्याविषयी बोलायला लागले, की मला माझाच आवाज ऐकू येतो आणि तो ऐकवत नाही.

घराशी उतरल्यावर मी आत्याला हात धरून पायरीवर चढवलं. आजवर मी गेले, की ती नेहमी म्हणायची, अजून दोन दिस ऱ्हा, लगीच कुठं पळायलीस. त्या दिवशी दारात उभी राहून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू नांदेडला कवा जायलीस?"

मी म्हटलं, आत्ताच निघते. ती बरं म्हणाली आणि आत गेली.